तिकीटबारी : खुर्ची



मागच्या रविवारी विहाराबाहेरच्या कट्ट्यावर आमची नेहमीची मंडळी जमली होती. चहा आला आणि कुणीतरी विषय काढला, सिनेमातला तुझा सगळ्यात आवडता प्रसंग कोणता? मग काय विचारता! एकाने ‘शोले’तलं नाणं सांगितलं. जय गेल्यावर वीरूला कळतं की नाण्याला दोन्ही बाजूंनी छापच होता, गडी आयुष्यभर आपल्याला फसवत होता. दुसऱ्याने ‘सैराट’मधली आर्ची सांगितली, बुलेटवर बसून येणारी. तिसऱ्याला ‘अशी ही बनवाबनवी’ शिवाय दुसरं काही आठवतच नाही. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, “खुर्ची.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खुर्ची नावाचा कुठला पिक्चर?

पिक्चरचं नाव नव्हे हो. आवडलेले प्रसंग मी मनात एकापुढे एक मांडले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. त्यातल्या बहुतेक प्रसंगांत कोणीतरी बसलेला असतो आणि कोणीतरी उभा. किंवा जो आजवर उभाच होता, तो पहिल्यांदा बसतो. हे माझं खूळ म्हणा हवं तर. पण खूळ कुठून आलं ते सांगतो.

माझे वडील गिरणीत होते, रिंग खात्यात. साच्यावर नाही. जुन्या काळी साचा खात्यात, म्हणजे विणकामात, आपल्या माणसाला घेतच नसत. धोट्यातल्या कांडीचा धागा तुटला की तो तोंडाने ओढून काढावा लागे, आणि आपल्या माणसाने तोंड लावलेला धोटा दुसरा कामगार कसा हातात धरणार? बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात हा प्रश्न सरळ मांडला होता. साचा खात्यात पगार जास्त, म्हणून त्याची बोच जास्त. दादांच्या वेळेपर्यंत उघड मनाई राहिली नव्हती, तरी आजा रिंगमध्ये, बाप रिंगमध्ये, म्हणून मुलगाही रिंगमध्ये. रिंग खात्यात दिवसभर उभं राहायचं आणि चालायचं. तिथे स्टूलसुद्धा नसतं.

असे हे दादा महिन्यातून एकदा पगार झाला की मला सिनेमाला न्यायचे. त्यांना सगळ्यात जास्त काय आवडायचं माहीत आहे? नंबरची खुर्ची! तिकिटावर नंबर असायचा, बॅटरीवाला माणूस उजेड दाखवत आपल्याला आपल्या जागेपर्यंत पोचवायचा, आणि त्या तीन तासांत तिथून कोणी उठवायचं नाही. पुढची रांग असेल, पत्रा असेल, ढेकूण असतील. पण खुर्ची आपली. दादा ऐसपैस बसायचे. घरी मात्र पाहुणा आला की पाहुणा जाईपर्यंत दाराला टेकून उभे.

‘दीवार’ आम्ही असाच पाहिला, १९७५ साली. मी नऊ वर्षांचा होतो. आठवतो तो बूटपॉलिशवाला पोरगा? गिऱ्हाईक पॉलिशचे पैसे जमिनीवर फेकतं. पोरगा म्हणतो, मी काम केलंय, भीक मागितलेली नाही, उचलून हातात द्या. आणि शेजारी उभा असलेला डावर, म्हणजे इफ्तेखार, आपल्या माणसाला ते पैसे उचलून हातात द्यायला लावतो. पुढे तोच पोरगा अमिताभ होऊन त्याच डावरसमोर उभा राहतो, डावर नोटांचं बंडल फेकतो, आणि तेव्हा तो जे ऐकवतो त्यावर थिएटरात शिट्ट्यांचा पाऊस. दादांनी शिट्टी वाजवली नाही. ते नुसतेच पुढे सरकून बसले. मी लहान होतो, मला वाटलं पुढच्याचं डोकं मधे येतंय. खूप वर्षांनी आईने सांगितलं की गावी आज्याच्या हातावर पैसे वरून टाकत. हात हाताला लागू नये म्हणून. कधी नेम चुकला की धुळीत शोधायचे. ‘दीवार’ लिहिणाऱ्या सलीम-जावेद यांच्या मनात हे होतं की नव्हतं, देव जाणे. पण आमच्या चाळीत तो प्रसंग त्याच हिशेबाने पाहिला गेला.

त्याच सिनेमात पीटरच्या गोदामात पाय लांब करून निवांत बसलेला अमिताभ आहे. गुंड त्याला सगळीकडे शोधतायत आणि हा त्यांच्याच घरात बसून वाट बघतोय! मग दार लावून किल्ली पीटरकडे फेकतो. त्याच्या अंगात निळा सदरा, पोटाशी गाठ मारलेला. सदरा शिवताना फारच लांब झाला म्हणून गाठ मारली, असं स्वतः अमिताभनेच सांगितलेलं आहे. आमच्या चाळीतल्या पोरांचं मत वेगळं होतं. निळा आहे म्हटल्यावर तो आपलाच असणार! त्या वर्षीच्या जयंतीला निम्मी पोरं सदऱ्याला गाठ मारून मिरवणुकीत.

आता ‘जंजीर’. इथे माझं आणि बहुतेकांचं जमत नाही.

१९७३ चा सिनेमा. मी तो पुढे व्हिडिओवर पाहिला. जयंतीच्या रात्री वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचा, मैदानात टेबलावर रंगीत टीव्ही ठेवायचा आणि पहाटेपर्यंत लागोपाठ तीन-चार पिक्चर, असा तो जमाना. त्यात शेरखान, म्हणजे प्राण, पोलीस ठाण्यात येतो आणि ऐटीत खुर्चीवर बसायला जातो. इन्स्पेक्टर अमिताभ लाथेने खुर्ची उडवतो आणि बजावतो की बस म्हटल्याशिवाय इथे उभं राहायचं, हे ठाणं आहे, बापाचं घर नाही. लोकांना हा प्रसंग तोंडपाठ आहे. मलाही होता. आम्ही पोरं चाळीच्या गॅलरीत मोडकी खुर्ची ठेवून तो प्रसंग करायचो. मी नेहमी अमिताभ.

मग १९८२ च्या जानेवारीत संप झाला. तो कसा झाला, कसा संपला हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, कारण हे पान वाचणाऱ्या निम्म्या घरांची तीच कथा आहे. दादांची गिरणी गेली ती गेलीच. वर्षभर इकडेतिकडे काढल्यावर त्यांना एका सोसायटीत वॉचमनची नोकरी लागली. बारा तासांची ड्युटी. आणि त्या सोसायटीचा नियम असा की वॉचमनला खुर्ची द्यायची नाही. बसला की झोपतो, म्हणे! एकदा मी डबा घेऊन गेलो तर दादा गेटच्या खांबाला पाठ लावून उभे. आत पार्किंगमध्ये तीन चांगल्या लाकडी खुर्च्या धूळ खात पडलेल्या. मी विचारलं, “दादा, त्यातली एक घेतली तर?” ते म्हणाले, “आपल्याला बस म्हणालेत का कोणी?”

त्या जयंतीला पुन्हा ‘जंजीर’ लागला. लाथ बसली, खुर्ची उडाली, सगळं मैदान ओरडलं आणि माझ्या तोंडून आवाज फुटेना. बस म्हटल्याशिवाय उभं राहा, हा नियम पडद्यावर गुंडाला लावला तेव्हा टाळ्या. पण रेशन ऑफिसात, दवाखान्यात, शाळेच्या हेडमास्तरांपुढे, तलाठ्यापुढे तो नियम रोज कुणाला लागतो? गुंडाला नक्कीच नाही. गुंडाला तर आधी चहा विचारतात.

तरी ‘जंजीर’ वाईट नाही. त्याच प्रसंगाचा पुढचा भाग मला मनापासून आवडतो. शेरखान सुनावतो की हे बोलणं तुझं नाही, तुझ्या वर्दीचं आणि खुर्चीचं आहे. ते इन्स्पेक्टरला लागतं, आणि तो साध्या कपड्यांत एकटा शेरखानच्या मोहल्ल्यात जाऊन उभा राहतो. दोघांची मारामारी होते आणि मग दोस्ती. लाथेचं पोस्टर झालं, पण दोस्ती झाली ती वर्दी उतरवल्यावर. हे कोणी सांगत नाही. असो.

‘बनवाबनवी’वाला कट्ट्यावर रुसून बसला होता, म्हणून त्याच्याबद्दल दोन शब्द. १९८८ चा हा सिनेमा कितीही वेळा लागला तरी आमच्या घरी चॅनल बदलत नाही. सुधीर जोशींचे घरमालक सरपोतदार, अशोक सराफचा धनंजय माने, लक्ष्याची पार्वती! पोट दुखेपर्यंत हसतो. पण मूळ गोष्ट काय आहे? खोली मिळत नाही म्हणून चार माणसं खोटं सांगतात. जोडपी असाल तरच जागा देईन, असं मालकीण म्हणते, म्हणून दोघे साड्या नेसतात. माझा एक मावसभाऊ पुण्यात तीन वर्षं खोटं आडनाव लावून राहिला, घरमालकाला खरं सांगितलं असतं तर जागा मिळाली नसती म्हणून. तो म्हणतो, “आमची बनवाबनवी कोणी काढली नाही. आणि आमची पार्वती पकडली गेली असती तर हसायलाही कोणी नव्हतं.” हे सांगतानाही तो हसतच असतो. त्याला हा सिनेमा पाठ आहे.

दूरदर्शनच्या दिवसांत शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी पिक्चर असायचा. चाळीत आमच्या मजल्यावर एकच टीव्ही. मोठी माणसं आत, पोरं उंबऱ्याबाहेर. त्यातच कधीतरी ‘सुजाता’ पाहिला. बिमल रॉय यांचा, १९५९ चा. आमच्या सौभाग्यवतींना त्यातला टेलिफोनचा प्रसंग फार आवडतो. सुनील दत्त फोनवर गातोय आणि नूतन रिसीव्हर कानाला लावून गप्प ऐकतेय, डोळ्यांतून पाणी. खरंच, नूतनचा तो चेहरा बघावा. तिला एकही वाक्य नाही, आणि सगळं बोलून जाते.

पण माझं भांडण सिनेमाच्या शेवटाशी आहे. ब्राह्मण घरात वाढलेली ही अस्पृश्य पोर. घरातली बाई पाहुण्यांना सांगताना मुलगी म्हणत नाही, मुलीसारखी म्हणते. ‘बेटी जैसी’. त्या एका ‘जैसी’ने सुजाता दर वेळी कशी आतल्या आत मिटते, ते बिमलदांनी फार बारकाईने दाखवलंय. मग ती बाई जिन्यावरून पडते, रक्त लागतं, आणि रक्त जुळतं ते फक्त सुजाताचं. रक्त दिल्यावर ती ‘बेटी’ होते. मी म्हणतो, समजा रक्त जुळलं नसतं तर? सौ. म्हणतात, “तुम्हाला नुसती खोड काढायला पाहिजे. त्या काळात एवढं दाखवलं हे काय कमी आहे?” दोन्ही खरं आहे. आमचा हा वाद पंचवीस वर्षं चाललाय आणि अजून मिटलेला नाही.

जब्बार पटेलांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’विषयी या पानावर नव्याने काय सांगणार? २००० साली आला. मामुट्टीला त्याच भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार. मोहन गोखले गांधीजी, सोनाली कुलकर्णी रमाई. मूळ सिनेमा इंग्रजीत, पुढे इतर भाषांत आला. आमच्याकडे तो मैदानात पडदा लावून दाखवला, तेव्हा काही म्हाताऱ्या बायांनी पडद्यापुढे चपला काढून ठेवल्या होत्या. बडोद्याच्या कचेरीत शिपाई लांबून फायली टाकतो त्या प्रसंगाला मैदानात चिडीचूप. नंतर गोलमेज परिषद येते. लंडन, भलंमोठं टेबल, राजेमहाराजे, आणि त्या टेबलाशी इतरांच्या बरोबरीने खुर्चीवर बसलेले बाबासाहेब. भाषण तर नंतर आहे. पण दादा त्या वेळी, भाषणाच्या आधीच, माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, “बघ, बसलेत.”

तेवढंच. पुढे सिनेमाभर एक शब्द नाही.

२०१९ साली स्टार प्रवाहवर ‘महामानवाची गौरवगाथा’ सुरू झाली. सागर देशमुखने बाबासाहेब केले. त्यातला लहानपणीचा भिवा वर्गात घरून नेलेल्या गोणपाटावर बसतो. हा प्रसंग भाषणात, पुस्तकात, गाण्यात आपण शंभर वेळा ऐकलेला. तरी आमच्या इमारतीत त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या बंद होत्या. मालिका म्हणून तिच्यात उणिवा होत्या, पार्श्वसंगीत तर कान किटवायचं, रडण्याचे प्रसंग ताणायचे. पण रोज संध्याकाळी ठरल्या वेळी आपल्या घरातली गोष्ट टीव्हीवर, इतरांच्या सासू-सुनांच्या शेजारी, हे आम्ही आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. टीआरपीवाल्यांच्या हिशेबात ते कुठे बसतं मला माहीत नाही.

नव्या लोकांमध्ये नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ सगळ्यांनी पाहिलाच आहे. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्याच अंगावर येतो. ज्यांनी ‘अंकुर’ पाहिलाय त्यांना श्याम बेनेगलांचं ते पोर आठवेल, जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारून पळणारं. ‘अंकुर’ १९७४ चा, ‘फँड्री’ थिएटरात लागला २०१४ साली. चाळीस वर्षांत दगड खिडकीवरून निघून प्रेक्षकापर्यंत पोचला! पण मला दगडापेक्षा राष्ट्रगीताचा प्रसंग मोठा वाटतो. अख्खं कुटुंब डुकराच्या मागे धावतंय, डुक्कर आता सापडणार, इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी थिजतो. बापही सावधान उभा राहतो. डुक्कर निघून जातं. थिएटरात कोणी हसलं, कोणी टाळी वाजवली, मला काय करावं कळेना. किशोर कदमचा तो बाप बघा, पोटाची पोळी पळून जातेय आणि माणूस हलत नाही.

आणि ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणे या तरुण दिग्दर्शकाचा हा सिनेमा. २०१४ साली व्हेनिसला गौरवला गेला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आपल्या लोकांनी मात्र फारसा पाहिला नाही, कारण तो संथ आहे. मी हट्टाने दोनदा पाहिला. शाहीर नारायण कांबळे झालेत नागपूरचे वीरा साथीदार, ‘विद्रोही’चे संपादक, चळवळीतला खरा माणूस. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने त्यांना नेलं. सिनेमात त्यांच्यावर खटला असा की त्यांचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली.

त्या कामगाराची बायको साक्षीला येते. वकील विचारतो, ती उत्तर देते. नवरा आत उतरायच्या आधी काय करायचा? गटारात खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजून उतरायचा. ही बाई रडत नाही, आवाज चढवत नाही, भाजीचा भाव सांगावा तसं सांगते. हिंदी सिनेमाने कोर्टातले किती आरडाओरडीचे प्रसंग दाखवले असतील! ते सगळे एका पारड्यात घाला आणि ते झुरळ दुसऱ्या पारड्यात.

नंतर वकील तिला आपल्या गाडीतून सोडायला जातो. ती गाडीत अवघडून बसलेली. तो काही पैसे देऊ करतो. ती घेत नाही. काही काम असेल तर सांगा, म्हणते. ‘दीवार’मधला पॉलिशवाला पोरगा आणि ही बाई यांच्यामध्ये एकोणचाळीस वर्षं आहेत. त्याच्यासाठी शिट्ट्या वाजल्या. हिच्यासाठी थिएटरात जेमतेम वीस माणसं होतो, त्यातले दोघे झोपलेले.

झोपेवरून आठवलं. ‘कोर्ट’ संपतो तेव्हा खटल्याचे न्यायाधीश सुट्टीवर गेलेले असतात. बागेत बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागलेली असते. पोरं ओरडून त्यांना उठवतात, ते एका पोराला थप्पड देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. संपला सिनेमा. बसला की झोपतो हा नियम सोसायटीवाल्यांनी फक्त वॉचमनलाच का लावला, हा प्रश्न मला तिथे पडला.

आमच्या भाचीने मोबाईलवर ‘गीली पुच्ची’ दाखवला. २०२१ चा, नीरज घायवानचा, चार छोट्या गोष्टींच्या ‘अजीब दास्तान्स’मधला एक. कोंकणा सेन कारखान्यात मशीनवर काम करणारी भारती मंडल. शिकलेली आहे, ऑफिसातली टेबल-खुर्चीची जागा तिला हवी, आणि ती जागा मिळते दुसरीला. शेवटी भारती त्या दुसरीच्या घरी जाते, तेव्हा बाकीच्यांना चिनी मातीच्या कपात चहा आणि हिच्यापुढे स्टीलचा. भारती कपाकडे बघते, घोट घेते आणि गोड बोलते. पुढे ती खुर्ची ती मिळवतेच. कशी मिळवते ते सांगत नाही, पाहा. आमच्या भाचीला तिचं वागणं पटलं नाही, दुसरीचा तिने विश्वासघात केला म्हणते. मला पटलं. सौ. म्हणाल्या, मला दोघींची दया आली.

आता शेवटचा. ‘जय भीम’, नोव्हेंबर २०२१. तमिळ सिनेमा, हिंदीतही उपलब्ध. १९९३ साली तमिळनाडूत पोलिसांच्या हातून घडलेल्या एका खऱ्या प्रकरणावर बेतलेला. ते प्रकरण लढणारे वकील के. चंद्रू पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. सूर्याने त्यांची भूमिका केली आहे. सिनेमाच्या अखेरीस पडद्यावर एक मराठी कविता तमिळमध्ये उमटते, हे आपल्यासाठी विशेष.

धाकट्या भावाच्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. दादा तेव्हा एक्याऐंशीचे. गुडघे पार गेलेले. अठरा वर्षं त्या गेटवर उभं राहून दुसरं काय होणार? तरी सवय अशी की टीव्ही लागला की दाराच्या चौकटीला टेकून उभे. भावाने हात धरून आरामखुर्चीत बसवलं. ठाण्यातल्या मारहाणीचे प्रसंग आले तेव्हा आई उठून आत गेली. ते पाहवत नाहीत, खरंच पाहवत नाहीत. लहान मुलांना ते दाखवू नका, हे मी मुद्दाम सांगतो. आम्हीही भावाच्या मुलीला, अकरा वर्षांची, तेवढा वेळ आतच बसवलं होतं.

त्यात एक प्रसंग आहे. गरोदर सेंगेनीला तिच्या पोरीसह ठाण्यात आणलेलं असतं. वरून साहेबाचा फोन येतो, बाईला गाडीने घरी पोचवा. कालपर्यंत मारणारे पोलीस आता आर्जवं करतात, बाई, जीपमध्ये बस. ती बसत नाही. पोरीचा हात धरून रस्त्याने चालत राहते आणि पोलिसांची जीप तिच्या मागून मुंगीच्या पावलांनी येते. अख्खं गाव बघतंय. इथे बसणं नाकारलंय, खुर्चीवाल्यांनी बस म्हटल्यावरसुद्धा! माझा सगळा हिशेबच त्या बाईने उलटा केला.

आणि मग अगदी शेवट. चंद्रू खुर्चीत पायावर पाय टाकून पेपर वाचतोय. सेंगेनीची मुलगी, एवढीशी, समोरच्या खुर्चीत बसते. तीही पेपर उचलते. हळूच पायावर पाय टाकते. चंद्रूचं लक्ष जातं. ती घाबरून पाय खाली घेते. तो नजरेनेच सांगतो, असू दे. ती पुन्हा पाय वर घेते आणि पेपर उघडते. एक शब्द नाही. दोघं वाचतायत.

मी दादांकडे पाहिलं. ते आरामखुर्चीत पुढे सरकून बसले होते. ‘दीवार’ला बसले होते ना, तसेच.

“परत लाव,” ते म्हणाले.

भावाने परत लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी आई आतून आली, नातीला घेऊन. नात सोफ्यावर बसली ती टीव्हीतल्या पोरीसारखी, पायावर पाय टाकून. एरवी असं बसली की आई तिला हमखास टोकते, मोठ्यांसमोर पाय खाली घे म्हणून. आईने तोंड उघडलं. दादांनी नुसता हात वर केला.

तुमचे प्रसंग कळवा. जागा असेल तेवढी पत्रं पुढच्या ‘तिकीटबारी’त देईन. ‘शोले’चं नाणं सोडून काहीही चालेल, त्याची बारा पत्रं आधीच आलेली आहेत.